सातवा भाग

किथलीतल्या पुस्तकांच्या दुकानाबाहेर, रात्री पावणेबारा,
रांगेत मी अठ्ठाविसावी.
पुढे काळ्या झग्यांतली, डोळ्यांभोवती काजळ फासलेली पोरं,
मागे एक मुलगी, गळ्यात प्लास्टिकच्या हाडांची माळ,
आणि मध्ये मी, शाळेच्या कँटीनच्या कोटात,
ज्याला अजून उकडलेल्या वाटाण्यांचा वास.
"मुलीसाठी का?" दुकानदाराने विचारलं.
मी मान हलवली.
ते सोपं होतं.

मुलगी ॲबरडीनला.
समुद्राच्या तळाशी पाइप कसे टाकायचे ते शिकते.
फोनवर म्हणाली, आई, ते अजून चालू आहे?
एखाद्या म्हाताऱ्या नातेवाइकाबद्दल विचारावं तसं.

पहिला भाग आला तेव्हा शाल्मली अकरा वर्षांची
आणि माझं इंग्रजी दुकानांच्या पाट्यांपुरतं.
ती मोठ्याने वाचायची, मी इस्त्री करायची.
धरणाखाली बुडालेलं गाव,
पाणी उतरलं की दिसणारं चर्चचं टोक,
आणि त्या गावचा टोबिन, शंभर वर्षं तेरा वर्षांचाच,
ज्याला फक्त हेस्टर एलवूड ऐकू शकते.
शाल्मली झोपली की पुस्तक मी उचलायची.
ओळीखाली बोट, मांडीवर डिक्शनरी.
बसमध्ये कधीच लागणार नाहीत असे शब्द शिकले:
पिशाच्चांचे सात प्रकार,
थडग्यावरच्या शेवाळाचं नाव,
उंबरठा.
डॉक्टरांना "चक्कर येते" सांगता आलं नाही,
"माझ्यातून काहीतरी आरपार जातं" एवढं आलं.
त्यांनी रक्त तपासायला पाठवलं.

आमच्याकडची भुतं हिशेबी.
दहीभात ठेवा, नारळ द्या,
तिठ्यावरून मागे न बघता या, मिटलं.
हा टोबिन काहीच मागत नाही.
त्याला फक्त कुणीतरी विचारायला हवं होतं, जेवलास का.
हे पुस्तकात नाही. हे माझं.

चौथ्या भागाला शाल्मली रडली.
पाचवा तिने दार लावून वाचला.
सहावा अर्ध्यावर सोडला, खूण म्हणून आत
मी न ओळखणाऱ्या एका मुलाचा फोटो.
मग लेखिका आजारी पडली. चार वर्षं गेली.
शाल्मलीने वेणी कापली, नाव छाटून शाल केलं,
आणि खोलीत राहिलं ते कपाट.
त्यावरची धूळ मी पुसत होते,
आणि पुसता पुसता सहावा पूर्ण केला.

पहाटेपर्यंत वाचलं, रेडिएटरला पाठ लावून.
डिक्शनरी तीनदाच लागली.
शेवटाच्या जरा आधी
हेस्टर धरणाच्या भिंतीवर येते.
आज तिला अठरा पूर्ण.
टोबिन खालून हाक मारतो,
तिला वाटतं, वारा आहे.
ती कॉलर वर करते.

इथे मी पुस्तक मिटलं.
मराठीत बरी सोय आहे,
भूत म्हणजे भूत आणि भूत म्हणजे होऊन गेलेलं,
दोघं एकाच शब्दात दाटीवाटीने राहतात.
इंग्रजीत त्यांना वेगळ्या खोल्या लागतात.

"मेला का गं शेवटी तो?" शाल्मलीने विचारलं.
"अगं, तो पहिल्या पानापासून मेलेलाच."
ती हसली, खूप दिवसांनी तशी.
"मग झालं काय?"
मी भाजी करपतेय म्हटलं.
गॅसवर काहीच नव्हतं.

शनिवारी पार्सल केलं.
पुस्तक, मेतकुटाची पुडी,
आणि मी थांबले त्या पानात त्याच मुलाचा फोटो.
पुढची अकरा पानं मी वाचलेली नाहीत.

पोस्टातल्या बाईने वजन केलं,
रोजचा प्रश्न विचारला:
आत काही ज्वालाग्राही, टोकदार,
गळणारं, जिवंत?

मागे रांग वाढत होती.
मी अजून विचार करत होते.